सीरियल किलरचा संशय आणि जुन्या गुन्ह्यांची यादी : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या खुनात कुणाला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘याने आधीही असेच खून केल्याचा संशय’ अशी ओळ आली, की बेळगावच्या कोर्टाच्या आवारात आम्हा वकिलांना तेच ते प्रश्न येतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, पलीकडून चंदगड आणि गडहिंग्लज, सगळीकडून. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. कलमांचे आकडे गरजेपुरतेच घातलेत.

‘संशयित सीरियल किलर’ म्हणजे कायद्याच्या नजरेत कोण?

कुणीच नाही. असा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. एक माणूस मारला काय आणि दहा मारले काय, प्रत्येक खुनाचा गुन्हा वेगळा, पुरावा वेगळा, निकाल वेगळा. खून एकाच हाताने झालेत असा अंदाज तपास अधिकारी बांधतो आणि पेपर त्याला नाव देतात. कोर्टात त्या नावाला वजन नाही.

पेपरात ‘त्याच्यावर १४ गुन्हे’ असं येतं. तो त्याचा गुन्हेगारी इतिहास समजायचा का?

आकड्याच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय नाही. त्या १४ मध्ये शिक्षा झालेले खटले असतात, चालू खटले असतात, नुसता एफआयआर होऊन पडलेली प्रकरणं असतात, आणि पुष्कळदा निर्दोष सुटलेलेही मोजलेले असतात. त्यातच कुणीतरी ‘रौडीशीटर’ हा शब्द जोडतो. रौडीशीट हे पोलिसांनी नजर ठेवण्यासाठी उघडलेलं आपलं कागदपत्र आहे. ते कोर्टाने दिलेलं नाही, त्यामुळे ती शिक्षा नव्हे. बातमी वाचताना एवढंच शोधा : कुठल्या कोर्टाने, कुठल्या साली, कशाबद्दल दोषी ठरवलं. हे जिथे सापडत नाही तिथे तो माणूस अजून आरोपीच आहे.

एवढे खून केलेला माणूस इतकी वर्षं सापडत कसा नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. माझं उत्तर असं, की इतिहास असतो पण एका जागी नसतो. तो वेगवेगळ्या ठाण्यांच्या कपाटांत तुकड्यातुकड्यांनी पडलेला असतो आणि तुकडे एकमेकांना भेटत नाहीत.

‘सायनाइड मोहन’चं उदाहरण घ्या. मोहन कुमार हा दक्षिण कन्नड जिल्ह्यातला शाळामास्तर. २००३ ते २००९ या काळात २० बायकांना मारल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. गरीब घरातली, लग्नाचं वय उलटत चाललेली मुलगी हेरायची, नाव बदलून, सरकारी नोकरी सांगून, हुंड्याशिवाय लग्नाचं वचन द्यायचं, दूरच्या शहरात लॉजवर न्यायचं. सकाळी तिचे दागिने खोलीवर ठेवायला सांगून बसस्टँडवर आणायचं आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी आहे, स्वच्छतागृहात जाऊन घे, असं म्हणून सायनाइड हातात द्यायचं. पोरगी आत कोसळायची. हा परत लॉजवर जाऊन दागिने उचलायचा.

आता कागदाच्या बाजूने बघा. म्हैसूर, मडिकेरीसारख्या ठिकाणी बसस्टँडच्या स्वच्छतागृहात अनोळखी बाईचं प्रेत सापडतं. तिथलं ठाणं अनैसर्गिक मृत्यूची नोंद करतं, ज्याला आपल्याकडे सगळे ‘यूडीआर’ म्हणतात. आत्महत्या असावी असा शेरा पडतो. तिकडे शेकडो किलोमीटरवरच्या गावात घरचे समजतात, पोरगी कुणाचातरी हात धरून गेली. कुणी लाजेने तक्रारच देत नाही, कुणाची तक्रार पहिल्या पानावरच थांबते. प्रेत एका जिल्ह्याच्या कागदावर, नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या कागदावर. २००९ मध्ये बंटवाळ तालुक्यातल्या एका मुलीच्या बेपत्ता होण्यावरून गावात तणाव झाला, लोक रस्त्यावर आले, पोलिसांना मोबाईलच्या नोंदी खोलात जाऊन तपासाव्या लागल्या, आणि मग एकेक दोरा त्याच्यापर्यंत गेला.

आपल्या शेजारी गोव्यातही तेच. शिरोड्याचा रिक्षाचालक महानंद नाईक २००९ मध्ये पकडला गेला तेव्हा १९९४ पासूनचे १६ खून त्याच्या नावावर लावले गेले. लग्नाचं आमिष, अंगावर सोनं घालून ये म्हणून सांगणं, ओढणीने गळा आवळणं. पंधरा वर्षं. त्यातल्या कित्येक जणी कागदावर बेपत्ताच होत्या, आणि बेपत्ता बाईच्या फाईलवर पोलिसांचा वेळ जात नाही, कारण ती ‘स्वतःहून गेली’ असं घरापासून चावडीपर्यंत सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. गुन्हेगाराला हे पक्कं ठाऊक असतं, आणि तो निवडही त्याच हिशेबाने करतो.

मग सीमाभागात हा धोका जास्त आहे का?

खून जास्त होतात असं मी म्हणणार नाही. कागद हरवण्याची शक्यता मात्र जास्त आहे. निपाणीहून कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदललं. खानापूरहून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरला की गोवा. कागवाडहून मिरज म्हणजे रोजचं जाणं-येणं. माणसं लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला तिन्ही राज्यांत फिरतात. पोलीस ठाण्याची हद्द मात्र फिरत नाही.

कृष्णा तर हद्द मानतच नाही. सांगली-मिरजेकडे पुरात कुणी पडलं किंवा टाकलं गेलं, तर प्रेत उगार-कुडचीच्या बाजूला लागू शकतं. पंचनामा कन्नडमध्ये होणार, बेपत्ता नोंद मराठीत पडलेली असणार. पाण्यात राहिलेल्या देहाचा चेहरा ओळखू येत नाही. उरतं ते काय, तर हातावरचं गोंदण, पायातलं जोडवं, ब्लाऊजच्या आत शिंप्याने लावलेलं लेबल. पंचनाम्यात ते लेबल नीट उतरवून घेतलं असेल आणि घरच्यांनी तक्रारीत शिंप्याचं नाव सांगितलं असेल, तर दोन राज्यांचे कागद जुळतात. नाहीतर काही दिवस वाट पाहून देह बेवारस म्हणून पुरला जातो.

देशभरातली ठाणी जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा आता आहे, बोटांच्या ठशांचं राष्ट्रीय भांडारही आहे. पण यंत्रणेत जेवढं भरलं तेवढंच सापडतं. ‘अंदाजे वय ३०, रंग सावळा, बांधा मध्यम’ एवढ्यावर कुणाचंही माणूस कुणालाही सापडत नाही.

हिंडलगा जेलचं नाव अशा बातम्यांत सारखं का येतं?

वेंगुर्ला रस्त्यावरचं हे १९२३ चं कारागृह. आपल्यासाठी हिंडलगा म्हणजे सीमालढ्याचं गाव. पण फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना कर्नाटकात मुख्यतः इथे आणून ठेवतात, त्यामुळे बेंगळुरू-मंगळूरकडच्या खटल्यांतली नावं आपल्या दाराशी येतात. सायनाइड मोहन इथे होता, वीरप्पनचे चार साथीदार होते, आणि उमेश रेड्डी होता.

उमेश रेड्डीचं प्रकरण नेमकं काय?

चित्रदुर्ग जिल्ह्यातला हा माणूस आधी केंद्रीय राखीव पोलीस दलात होता. जम्मू-काश्मीरमध्ये नेमणुकीवर असताना अधिकाऱ्याच्या मुलीवर हात टाकून तो पळाला, असं त्याच्याबद्दल वारंवार प्रसिद्ध झालं आहे. तरीही १९९६ मध्ये तो चित्रदुर्गच्या सशस्त्र राखीव पोलिसांत भरती झाला! एका वर्दीतला इतिहास दुसऱ्या वर्दीच्या भरतीपर्यंत पोचला नाही. पुढे बायका एकट्या असताना घरात शिरणं, बलात्कार, खून. मध्ये पोलिसांच्या ताब्यातूनही निसटला.

ज्या खटल्यात फाशी झाली तो बेंगळुरूच्या पीण्या भागात घरात शिरून एका बाईवर बलात्कार आणि तिचा खून केल्याचा, फेब्रुवारी १९९८ चा. खेळून घरी आलेल्या तिच्या सात वर्षांच्या मुलाने त्याला घरात पाहिलं. आईच्या अंगात भूत शिरलंय, मी डॉक्टरला आणतो, असं त्या लेकराला सांगून हा बाहेर पडला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या घरात शिरताना लोकांनी पकडलं. त्या मुलाने पुढे कोर्टात उभं राहून त्याला ओळखलं. लहान मुलाच्या साक्षीवर लोक पटकन शंका घेतात. मुलाला प्रश्न कळतो आणि तो नीट उत्तर देतो, एवढं न्यायाधीशाला पटलं तर ती साक्ष चालते. इथे ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

मग त्याची फाशी रद्द कशी झाली?

२००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०१३ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पण २००६ पासून २०१६ पर्यंत, सुमारे दहा वर्षं, त्याला हिंडलग्यात एकांत कोठडीत ठेवलं होतं. सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की दयेचा अर्ज फेटाळला जाऊन फाशी पूर्णपणे पक्की होईपर्यंत कैद्याला असं वेगळं काढता येत नाही. शिक्षा म्हणून एकांतवास द्यायचा झाला तरी तो एकूण तीन महिन्यांच्या वर देता येत नाही, आणि भोगायला लावताना सलग १४ दिवसांच्या वर नेता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणाने फाशी बदलून किमान ३० वर्षं तुरुंगवास केला.

हा निकाल आला तेव्हा इथल्या पुष्कळांना चीड आली. ती मला समजते. ज्या घरातली बाई गेली त्या घराला दुसरं काय वाटणार? पण गुन्हा कितीही भयंकर असला तरी तुरुंगाने कायद्याबाहेर जाऊन वागावं, हे मी मान्य करणार नाही. आणि व्यवहाराचं सांगायचं तर, ही शिक्षा सैल झाली ती बचावाच्या वकिलाच्या चतुराईने नव्हे, हिंडलग्यात कायदा पाळला गेला नाही म्हणून.

आरोपीने डझनभर खून कबूल केले असं पोलीस सांगतात. तरी तो सुटतो कसा?

पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या कायद्यात तसं होतं, २०२३ च्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. मुख्य अपवाद एकच : त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, म्हणजे पुरलेलं प्रेत, विकलेलं मंगळसूत्र, फेकलेला मोबाईल, तर त्या शोधापुरता जबाब वापरता येतो. म्हणून पत्रकार परिषदेतल्या आकड्यापेक्षा सराफाच्या दुकानातून जप्त केलेली एक बोरमाळ जास्त कामाची. सराफाची पावती, त्याची साक्ष आणि माळ ओळखणारी आई, एवढं उभं राहिलं की खटला उभा राहतो. महानंद नाईकवर १६ खून लागले पण शिक्षा मोजक्याच खटल्यांत झाली, कित्येकांत पुराव्याअभावी तो सुटला, यामागे हेच आहे. दहा-पंधरा वर्षांनी काय शिल्लक राहतं?

आधीचे गुन्हे कोर्टात दाखवून ‘हा असाच माणूस आहे’ म्हणता येत नाही का?

नाही. आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणला, तरच समोरून वाईट चारित्र्याचा आणता येतो. लोकांना हे पटत नाही. पण उलटं करून बघा. एकदा चोरीत सापडलेल्या पोराला गल्लीतल्या प्रत्येक चोरीत धरून नेतात, हे आपण बघतोच. तीच पद्धत खुनाला लावली तर खरा खुनी बाहेर राहील.

मात्र सारख्याच पद्धतीच्या घटनांची मालिका असेल, आणि ‘हे चुकून किंवा अपघाताने झालं’ असा बचाव असेल, तर हेतू दाखवण्यापुरत्या त्या घटना मांडता येतात. दोषी ठरल्यानंतर, शिक्षा किती द्यायची या टप्प्यावरही जुना इतिहास पुढे येतो.

सगळे खून एकाच खटल्यात का चालवत नाहीत?

फौजदारी खटले चालवण्याच्या जुन्या कायद्यात एका वर्षातले एकाच प्रकारचे तीन गुन्हे एकत्र चालवता येत. त्याच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते पाच झालेत. मोहन कुमारचे वीस खटले म्हणूनच सुटेसुटे चालले. २००९ मध्ये अटक, पहिल्या तीन खुनांचा निकाल २०१३ मध्ये, शेवटचा विसावा २०२० मध्ये. एवढी वर्षं साक्षीदार तारखेला येत राहिले, हीच मोठी गोष्ट.

कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी का रद्द झाली? त्यांच्यातलीच एक माफीची साक्षीदार होती का?

नाही, ही गैरसमजूत आहे. माफीचा साक्षीदार झाला तो दोघींपैकी रेणुका शिंदेचा नवरा. आई अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात वारली. १९९० ते १९९६ मध्ये गर्दीच्या ठिकाणांहून पळवलेली १३ मुलं, त्यातल्या किमान पाचांचे खून सिद्ध. देवळात, जत्रेत पाकीट मारायचं आणि सापडलोच तर कडेवरचं मूल पुढे करायचं, असं ते काम होतं. प्रकरण उघडं पडलं तेही एका आईमुळे, जी आपल्या हरवलेल्या मुलीची फिर्याद सोडायला तयार नव्हती. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने वर्षानुवर्षं घोळ घातला, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप केली.

आमच्या घरातलं माणूस बेपत्ता आहे. नेमकं काय करायचं?

त्याच दिवशी ठाण्यात जा. २४ तास थांबायचा नियम कुठेही नाही. मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार अपहरण धरूनच गुन्हा नोंदवावा लागतो. ११२ आणि मुलांसाठी १०९८ लक्षात ठेवा.

तक्रारीत काय लिहिता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. फोटो द्याच, पण त्यावर भरवसा ठेवू नका. अंगावरच्या खुणा लिहा : सिझेरियनचा टाका, हातात घातलेला रॉड, पडलेला दात, गोंदणातली अक्षरं. दागिना लिहिताना ‘सोन्याची माळ’ म्हणू नका. किती मण्यांची, कुठल्या सराफाकडची, पावती आहे का, ते लिहा. कपडे कुठे शिवले, चप्पल कुठल्या मापाची. मोबाईलचा नंबर आणि बॉक्सवरचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक. गेल्या महिनाभरात कुणाचे फोन येत होते, कुणी लग्नाचं किंवा नोकरीचं बोललं होतं, हे लाज न बाळगता सांगा. मुलीने कुणाशी बोलणं ठेवलं होतं हे लपवून घराची अब्रू राहते असं वाटतं, पण तोच एक धागा असतो जो तिच्यापर्यंत नेऊ शकतो.

मग पंधरवड्याने जाऊन विचारा : शेजारच्या जिल्ह्यांत, कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोव्यात माहिती कळवली का? सापडलेल्या अनोळखी प्रेतांच्या नोंदींशी ताडून पाहिलं का? गरज पडली तर डीएनए जुळवणीसाठी आईवडिलांचं किंवा मुलांचं रक्त द्यायची तयारी आहे, हे लेखी देऊन ठेवा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का असलेला कागद दुर्लक्षित राहत नाही.

तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली, मला वाचता येत नाही. सही करू का?

वाचून दाखवल्याशिवाय करू नका. एफआयआर फिर्यादीला वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ‘साहेब, मराठीत समजावून सांगा’ म्हणायला संकोच कशाला? सोबत कन्नड येणारा माणूस न्या, किंवा आपली मराठी तक्रार लेखी देऊन ती सोबत जोडायला सांगा. ‘घरी भांडण झाल्याने निघून गेली’ असं एक वाक्य नकळत आत शिरलं, तर खटल्यात उलटतपासणी त्या वाक्यापासूनच सुरू होते.

घटना महाराष्ट्रात घडली, आम्ही खानापूरचे. ‘तिकडे जा’ म्हणून परत पाठवलं तर?

झिरो एफआयआर मागा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. आता हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. नाकारलं तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना, बेळगाव शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना, पोस्टाने लेखी पाठवा. तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

संशयिताचा फोटो ग्रुपवर फिरतोय. पुढे पाठवला तर बिघडतं काय?

खटला बिघडतो. साक्षीदाराने आरोपीला ओळख परेडमध्ये ओळखायचं असतं. त्याने आधीच मोबाईलवर चेहरा पाहिला असेल तर ती ओळख कोर्टात टिकत नाही. आणि माणसंही मरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. दोनच आठवड्यांत आपल्या बिदर जिल्ह्यात मुरकी गावाजवळ हैदराबादचा एक तरुण तसाच गेला. पाठवू नका. माहिती असेल तर ठाण्यात द्या.

एखाद्यावर खरंच किती खटले आहेत हे कुठे कळेल?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. सीएनआर नंबर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर थेट तारीख आणि निकाल दिसतो. दोन्ही राज्यांत आणि गोव्यात वेगवेगळं शोधावं लागतं. नाव तेच म्हणजे माणूस तोच असं नाही, वडिलांचं नाव आणि गाव ताडून घ्या.

बळी पडलेल्या बाईचं नाव लिहिता येतं का?

बलात्काराचा गुन्हा असेल तर नाही. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ‘अमुक गल्लीतली, तमक्याची सून’ हेही नावच झालं.

वकिलाचा खर्च झेपत नाही. भरपाई मिळते का?

सरकारच्या बाजूने सरकारी वकील असतोच. त्याशिवाय बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. पीडित भरपाई योजनेचा अर्जही तिथेच होतो, आणि आरोपी सापडला नसला किंवा ओळखला गेला नसला तरी तो करता येतो. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृताशी नातं दाखवणारा दाखला आणि बँकेचं पासबुक लागेल.